प्रश्न उद्भवत नाही

तारांकित प्रश्न क्रमांक सव्वीस.
पर्वरीच्या डोंगरावर घंटा वाजते
आणि अधिकाऱ्यांच्या सज्जात शेणवी साहेब
तोंडी परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतात.
त्यांच्या मागे मी. मांडीवर तीन फायली.

उत्तर मीच टाइप केलंय, काल रात्री साडेनऊपर्यंत.
प्रिंटरचा कागद संपला होता.
कागद आणायला शिपाई हवा,
शिपायाचं पद दहा वर्षं रिक्त,
ते परिशिष्ट दोनमध्ये आहे, तिसऱ्या ओळीत.

(अ) भूमापन खात्यात मंजूर पदे किती?
   एकशे बारा.
(आ) पैकी भरलेली?
   एकोणसत्तर.
(इ) उर्वरित केव्हा भरणार?
   प्रक्रिया सुरू आहे.

आमदार फ्लोरियान उठतात, चष्मा कपाळावर:
ही प्रक्रियाबाय कुठल्या गावची?
नऊ वर्षं नुसती सुरू आहे, पोचत कशी नाही?
सभागृह हसतं. मंत्रीही हसतात.
साहेब हसत नाहीत, म्हणून मी हसत नाही.

वजाबाकी केली तर त्रेचाळीस.
त्यातली एक खुर्ची मी ओळखते.
उजवा हात मोडका, सुतळीने बांधलेला,
पाठीवर कुणीतरी खरवडलेलं भरतीचं वर्ष.
नऊ वर्षं तिच्यावर मी बसते,
अकरा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर,
मध्ये एका दिवसाचा खंड.
नियमानुसार ती रिकामी आहे.
रिकाम्या खुर्चीत बसून मी लिहिलं,
ही खुर्ची रिकामी आहे,
आणि खाली साहेबांची सही घेतली.

समोरून चिठ्ठी येते, माणसांच्या हातांवरून:
आकडे कधीचे?
मी लिहिते, एकतीस मार्च.
खाली चार बोटं जागा उरते.
दमयंती वायंगणकर, एवढं मावलं असतं.
चिठ्ठी परत जाते.

सत्तावीस.
दाबोळीच्या पठारावर संरक्षण खात्याच्या कुंपणात
किती चौरस मीटर जमीन? मूळ कुळं किती?
मंत्री पान उलटतात. हेही मीच टाइप केलंय.
विषय केंद्राच्या अखत्यारीतला.
तरीही संयुक्त मोजणी प्रस्तावित आहे.
मोजणीदारांची पदं रिक्त असल्यामुळे
(पाहा, प्रश्न क्रमांक सव्वीस)
ती प्रलंबित आहे.
कुळांना मोबदला मिळाला काय?
मोजणी नसल्याने
प्रश्न उद्भवत नाही.

कुंपणाच्या आत आमचे एकोणीस काजू.
बाबा अजून त्यांना नावांनी ओळखतात:
वाकडा, कपिलेचा, विजेने जळलेला.
एप्रिलात बोंडं पलीकडेच पडतात, पलीकडेच कुजतात.
वास तेवढा पास न दाखवता बाहेर येतो.
वरून विमान गेलं की बाबा बोलणं थांबवतात
आणि नेमक्या त्याच शब्दावरून पुढे सुरू करतात.
तारेशी वाद घातला नाही कधी.
देशाला जागा लागते, म्हणतात,
पण किती घेतली तेवढं लिहून द्या.

तारांकित म्हणजे
ज्याला कुणीतरी उभं राहून उत्तर देतं.
बाकीचे अतारांकित, छापून पटलावर ठेवतात.
बाबांचा प्रश्न आज उभा राहिला.
चार मिनिटं. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं,
अठ्ठावीस पुकारला, खारफुटीचा.

संध्याकाळी ते दारातच बसलेले असतात.
विचारलं?
विचारलं.
कितें म्हणटात?
मी चप्पल काढते. पायाला फोड आलाय.
लेकीचं खातं म्हणजे सरकार, असं त्यांना वाटतं,
आणि उत्तर तर माझ्याच हाताने टाइप झालेलं.
मोजणार आहेत, म्हणते.
कोण मोजणार?

उद्या माझा खंडाचा दिवस.
उद्या मी कुणीच नाही, सुट्टीवरसुद्धा नाही.
काजूच्या वाटेने जाऊन येऊ म्हणते,
तारेच्या अलीकडून, पावलं मोजत.
बाबा आत जाऊन काठी शोधू लागतात.